नाव फार्करचं हवं होतं

मंगळवार, ७ मे १९९१

मुलगा! आमच्या लेकीला, एफीला मुलगा झाला, पहाटे, बेटावरच्याच स्टॉर्नोवेच्या इस्पितळात. दोघं सुखरूप.

नावाचा प्रश्नच नाही. पहिल्या मुलाला बापाच्या वडिलांचं नाव. दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. म्हणजे हा फार्कर. माझ्या नावाला, टॉर्क्विलला, थांबावं लागेल — थांबेल.

व्याही फार्कर बाटली घेऊन आलाच. माझी बायको डोलिना त्याला म्हणते, "वाचलास! मुलगी असती तर बिचारीला फार्करीना म्हणावं लागलं असतं." सगळे हसले. चूक. पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव मिळतं, फार्करचं नाही. हसू ओसरल्यावर सांगितलंच. "बरं, पंतोजी," फार्कर म्हणाला, आणि माझा पेला भरला.

गुरुवार, ९ मे

दुपारपर्यंत विणकाम नाही, माग बंद. समुद्रापारच्या नोव्हा स्कोशियाहून एक बाई पूर्वज शोधत माझ्याकडे आल्या होत्या, मिसेस बेथून. त्यांच्या पणजोबांची भावंडं मांडून दिली. थोरला जॉन, म्हणजे आईच्या वडिलांचं नाव. म्हटलं, "बाई, पहिलं नाव सोडून दुसऱ्यापासून कुणी सुरुवात करत नाही. बापाचे वडील अँगस ना? मग जॉनच्या आधी एक अँगस होऊन गेलाय. लहानपणीच." विश्वास बसेना. समुद्राकाठच्या दफनभूमीत घेऊन गेलो. दगड सापडला — अर्धा वाळूत. बाई रडायला लागल्या. मी टोपी काढून उभा राहिलो. मनात मात्र — बघा, क्रम खोटं बोलत नाही!

शनिवार, ११ मे

टॉर्क्विल!!

जावई, रॉडी, बाळाच्या नावाची नोंद करून आला आणि त्यानं हे नाव सांगितलं. आमच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या बापासमोर. मी विचारलं, "लिहिणाऱ्यानं चूक केली का?" "नाही. एफीनं ठरवलंय." मान खाली.

फार्करनं चहाचा कप तसाच ठेवला. टोपी घेतली. दारात वळून म्हणाला, "अख्ख्या बेटाला क्रम शिकवतोस, आणि स्वतःच्या घरात रांग मोडतोस होय रे? पोरीचे कान तूच भरलेस."

मी! एका शब्दानं नाही! पण ऐकायला थांबतो कोण.

बुधवार, १५ मे

आज पीट, चुलीत जाळायची ती दलदलीतली माती, कापायचा दिवस. फार्कर आला नाही. दर वर्षी तो वर उभा राहून कापतो, मी खाली उभा राहून लादी झेलतो आणि वाळायला फेकतो. एकट्यानं हे काम होतच नाही. कापायचं, खाली उतरायचं, फेकायचं, पुन्हा वर. दुपारपर्यंत कंबर धरली.

पोस्टमन सायकल थांबवून ओरडला, "काय टॉर्क्विल! व्याह्याचं नाव पळवलंस, आता जळणही पळवतोस का?"

सगळ्या गावाला कळलंय.

सोमवार, २० मे

जेवायला खारवलेला हेरिंग मासा, बटाटे. दुकानापाशी फार्कर दिसला. मला बघून रस्ता ओलांडून गेला. शाळेपासूनचा मित्र!

शुक्रवार, २४ मे

एफीकडे गेलो. बाळ झोपलेलं. कपाळ फार्करचंच. नीट, शांतपणे सांगितलं — नोंद बदलता येते, चौकशी केलीय, बाप्तिस्मा व्हायच्या आत उरकू.

"नाव हेच राहणार, बाबा."

"पण का?"

तिनं तोंड फिरवलं. दोघं ग्लासगो सोडून परत आल्यापासून ही अशीच. एकेका शब्दात उत्तर, आणि मग खिडकीबाहेर.

"सासऱ्याचा असा अपमान? मला लोक चोर म्हणतायत, एफी! तू सांग त्यांना, का ते."

"तुम्हाला माणसं दिसतात का हो बाबा, का नुसत्या वंशवृक्षाच्या फांद्या?" मग हळू आवाजात, बाळ उठू नये म्हणून — "रविवारी बाप्तिस्म्याला यायचं तर या, पण गप्प बसा. नाहीतर येऊ नका."

रॉडी फाटकापर्यंत आला. काहीतरी सांगायचं होतं बहुतेक. "टॉर्क्विलकाका..." इतकंच म्हणाला. एफीनं आतून हाक मारली, तो गेला.

रविवारी जाणार नाही. ज्या नावापायी मी चोर ठरलो, ते पाद्र्याच्या तोंडून ऐकायला? ठरलं. डोलिनानं एकटीनं जावं.

रविवार, २६ मे

रविवार देवाचा, मी लिहीत नाही. आज लिहितो.

सकाळी फार्कर दारात उभा. काळा सूट, डोळे लाल. रॉडीनं काल त्याला सांगितलं. ग्लासगोला असताना त्यांना एक मुलगा झाला होता. आठवडाभर जगला. आम्हाला कुणालाच कळवलं नव्हतं. "माझं नाव ठेवलं होतं रे त्याचं. मी रॉडीला म्हटलं, गेलेल्याचं नाव आपण पुढच्याला देतोच की. तर म्हणाला, एफीचं म्हणणं, नाही, ते त्याचं आहे, त्याच्यापाशीच राहू दे."

मग त्यानं खुंटीवरची माझी टोपी काढून माझ्या हातात दिली. "चल."

गेलो. गप्प बसलो.

पहिला फार्कर, दुसरा टॉर्क्विल. क्रम बरोबर होता.