गॅसचं बिल आणि शेकायची पिशवी

९ नोव्हेंबर, सकाळ
गॅसचं बिल आलं. नेहमीच्या दुप्पट. घरात कोणाला काही वाटलं नाही. ही म्हणाली, भरून टाका. अशानेच घरं बुडतात. मी भरणार नाही. आधी समजून घेणार. स्टोअर्स डिपार्टमेंटमध्ये हयात गेली माझी. एक खिळा इकडचा तिकडे झाला तरी मला कळतं. हे तर नुसतं बिल.

संध्याकाळ
बिल वाचलं. वरचा भाग पत्ता, तारखा वगैरे किरकोळ असतो. तो सोडून थेट मुद्द्यावर आलो. ठरावीक मर्यादेच्या वर वापर गेला की दर चढतो. आपण मर्यादा ओलांडली आहे. आता प्रश्न एवढाच, की आपण म्हणजे कोण?

१० नोव्हेंबर
उत्तर मिळालं. घरात नवीन काय? सासूबाई. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ही दोन महिने त्यांच्याकडे जाऊन राहिली, आणि या एक तारखेला त्यांना घेऊनच परत आली. (ते दोन महिने घर मी एकट्याने चालवलं. तक्रार नाही. रोज संध्याकाळी गिझरच्या गरम पाण्याखाली अर्धा तास उभं राहायचं, एवढीच काय ती चैन. कधी एक तास.) सासूबाई दिवसातून तीनदा रबरी पिशवीत गरम पाणी भरून गुडघा शेकतात. पाणी गॅसवर तापतं. यात न समजण्यासारखं काय आहे?
सासूबाईंबद्दल मला आदर आहे, हे इथे नमूद करतो.

११ नोव्हेंबर
हिच्याकडे विषय काढला. सौम्यपणे. ही म्हणाली, हळू बोला, आई पलीकडेच आहे. मी म्हटलं, मी माणसाबद्दल बोलतच नाहीये, वापराबद्दल बोलतोय. जरा मोठ्याने म्हटलं गेलं.

१३ नोव्हेंबर
आजपासून नियंत्रण. चहा सकाळी एकदाच करून थर्मासमध्ये. शेकायचं पाणी गॅसवर नाही. पातेलं गच्चीत उन्हात ठेवायचं. सासूबाई म्हणाल्या, बरोबर आहे त्यांचं, गॅस काय फुकट येतो? समजूतदार बाई. ही मात्र पातेल्याकडे बघत राहिली.
चार वाजता थर्मासमधला चहा चाखला. त्याला चहा म्हणवत नाही. माझ्यापुरता ताजा केला. देखरेख करणाऱ्याला तरतरी लागते.

१५ नोव्हेंबर
कालपासून मीटर वाचायला घेतला. काळे आकडे, मग लाल आकडे. सगळे सलग वाचले. एका दिवसात शेकडो युनिट! शेजारच्या निवृत्त इंजिनियरना बोलावलं. ते म्हणाले, लाल आकडे दशांशाचे, ते सोडा. सोडले. वापर जवळजवळ शून्यावर आला. नियंत्रणाचा परिणाम इतक्या लवकर दिसेल असं मलाही वाटलं नव्हतं.

१७ नोव्हेंबर
सासूबाईंनी शेकणं बंद केलं. गुडघा आता दुखत नाही म्हणतात. चालताना भिंत धरतात, ती सवयीने असावी. ही माझ्याशी कामापुरतं बोलते. सुधारणेला पहिला विरोध घरातूनच होतो.

२० नोव्हेंबर
सासूबाई आपल्या घरी गेल्या. म्हणाल्या, किती दिवस घर बंद ठेवायचं. त्यांना एकटीला जिना चढवत नाही म्हणून हीपण सोबत गेली. निघताना सासूबाई म्हणाल्या, तब्येतीची आबाळ करू नका. हिने बिलाचा फोटो तेवढा काढून घेतला. माझा अभ्यास तिकडे कोणाला तरी दाखवायचा असेल.

२१ नोव्हेंबर
घरात मी एकटा. तपासणीला याहून चांगली परिस्थिती मिळायची नाही. आता वापर कोसळणार आणि माझं म्हणणं सिद्ध होणार. दिवसभराच्या ताणाने अंग आंबलं होतं. निवांत अंघोळ केली.

२४ नोव्हेंबर
मीटर पळतोय. तिघं होतो त्याच्याही वर. शेकणं नाही, स्वयंपाक नाही, जेवण मी बाहेरून मागवतो. मग गॅस जातो कुठे? गळती! तक्रार नोंदवली.

२५ नोव्हेंबर
मेकॅनिक आला. नळीच्या सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही. बाथरूममध्ये माझी बादली भरत होती, तर म्हणाला, गॅसचा गिझर चालू आहे वाटतं. असेल. त्याचा इथे काय संबंध? हल्ली लोक मुद्दा सोडून बोलतात.

२७ नोव्हेंबर
हिचा फोन नाही. घर खायला उठतं. सासूबाईंची रबरी पिशवी दारामागच्या खुंटीला तशीच लटकते आहे. नेताना विसरल्या, की मुद्दाम ठेवली, कोण जाणे. माझी कंबर धरली होती म्हणून गरम पाणी भरून लावून पाहिली. पाच मिनिटांत आराम पडला. एवढा आराम पडतो हे मला माहीत नव्हतं.

२९ नोव्हेंबर, दुपार
हिचा मेसेज. बिलाचा फोटो. वरच्या कोपऱ्यात दोन तारखांभोवती गोल केलाय. १ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर. खाली लिहिलंय, या दोन महिन्यांत घरात कोण होतं?

संध्याकाळ
तारखा फार बारीक अक्षरात छापतात. कंपनीला खरमरीत पत्र लिहायला हवं.

३० नोव्हेंबर
पत्र लिहिलं नाही. बिल भरायला घेतलं, तर मुदत संपलेली. ती तारीखही वरच्याच भागात होती.
सासूबाईंना फोन केला. काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं. पण आधी त्याच बोलल्या. म्हणाल्या, गारठा वाढलाय, अंघोळीला कढत पाणी घेता ना?
हो म्हणालो. पाठ केलेलं तसंच ठेवून फोन बंद केला. लाज वाटली. एवढी कधी वाटल्याचं आठवत नाही.
उद्या सकाळच्या गाडीने पिशवी घेऊन जातो. दोघींना परत आणतो. येतील का, ते माहीत नाही.

१ डिसेंबर, सकाळ
पिशवी बॅगेत भरली. आजपासून अंघोळ गार पाण्याने, कायमची. बसलो. दोन तांबे घेतले.
तिसऱ्याला गिझर लावला.