धोंड्याचे जेवण आणि पस्तीस इंचांची सीट

अमडापूर

चि. गजेंद्र,

माझ्या गाडीचे हँडल, सायलेन्सर, सीटची चौकट, निळा ड्रम कापून केलेले पुढचे मडगार्ड आणि सीटवरची दुहेरी शिलाई, एवढे सगळे माझ्या हातचे, कोणाच्याही हाताखाली न शिकता. (माझे पाय तेवढे माझ्या हातचे नाहीत, म्हणून आखूड निघाले.) तुझी व पुष्पांजलीची तब्येत ठीक आहे आणि नाशिकचे पाणी तुझ्या पोटाला एकदाचे मानवले आहे, असे धरून चालतो. फोन करत नाही, कारण तू मध्येच हसतोस.

मागे तू विचारले होतेस, भाऊजी, सुपरमोटो म्हणजे काय? नीट लक्ष दे. मातीत उड्या मारणाऱ्या गाडीचे उंच, सडपातळ अंग, आणि त्याला डांबरी रस्त्याचे रुंद टायर, सतरा इंची चाकांवर. (अठरा नव्हे. चिखलीचा एक मेकॅनिक अठरा म्हणाला, त्याच्याशी मी बोलणे सोडले आहे.) कपाशीत संकर चालतो, गायीत चालतो, मग गाडीत काऊन नको? आता अशा ना धड शेतातल्या, ना धड हायवेच्या गाड्यांच्या नव्या जाती निघू लागल्या आहेत. लांबच्या सरळ रस्त्यावर ती हाडे मोजायला लावते, हे मान्य. पण राजूर घाटातले वळण आले की माझी पन्नाशी मागच्या दुधाच्या टेम्पोत बसून राहते आणि मी एकटाच पुढे निघतो.

एकच बारकावा. सीट जमिनीपासून पस्तीस इंच, त्यामुळे थांबायला मला ओटा लागतो. एका पायाला ओटा मिळाला की मी राजा, नाही मिळाला की आडवा.

तर अधिक महिना लागला आणि तुझ्या वडिलांनी, म्हणजे मामाजींनी, मला धोंड्याचे जेवण सांगितले. सुचिता आदल्या दिवशीच एसटीने माहेरी, धामणगाव बढ्याला गेली. (माझ्या मागे बसायला तिला शिडी लागते, आणि शिडी घरीच राहते.) मी दारात पोचलो तर ओट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तुझ्या आईच्या कुरडया वाळत घातलेल्या. पाय टेकायला तसूभर जागा नाही. म्हणून एक फेरी मारली. जावयाचे पाय धुवायला मामाजी तांब्या घेऊन उभे; मी हात केला आणि पुढे गेलो. दुसऱ्या फेरीला तुझी आई ओवाळायचे ताट घेऊन उभी. तिसऱ्या फेरीला मी ओरडलो, कुरडया उचला! पण सायलेन्सर माझ्या हातचा, त्याच्यापुढे माझा आवाज कोण ऐकतो? गल्ली गोळा झाली. कोणीतरी म्हणाले, ‘जवाई रुसला वाटते हो. अंगठी पायजे असन.’ चौथ्या फेरीला मामाजींच्या हातातला तांब्या खाली आला होता.

शेवटी गावाबाहेर पुलाच्या कठड्याला पाय टेकून थांबलो, तोच सुचिताचा फोन. ‘बाबा म्हनतात अर्ध्या तोळ्याची करतो, पन जवायाले उतरू द्या. अहो, काऊन आमची इज्जत घालवून राह्यले? पायी या!’ पायी! पायी गेलो असतो तर अंगठी कबूल करवून मगच आल्यासारखे दिसले असते. तसाच अमडापूरला परतलो. आता ती म्हणते, तुम्ही माझ्या बापाच्या दारात उतरून जेवाल, तेव्हाच मी घरी येईन. एसटीने या, म्हणते. एसटीने गेलो तर गाडी हरली. महिना संपत आला आहे आणि मी खिचडी खातो आहे. (तीही माझ्याच हातची, वरच्या यादीत घातली नाही, ती मुद्दाम.)

लहानांना माझे आशीर्वाद, आणि मामाजींना नमस्कार, ते माझा अजून घेत असतील तर.

तुझा भाऊजी,
गोविंदा

ता. क. खरे काम असे. रविवारी मी पुन्हा येतो आहे. आईंना सांग, कुरडया गच्चीवर घाला. आणि मामाजींना सांग, जावयाला सोने नको. ओट्याच्या कडेला विटांचा एक थर द्या. ओटा बरोबर चार इंच बुटका आहे, मी चारही फेऱ्यांत पाहून घेतले.

ता. क. २. पुढचे तुझ्या ताईच्या कानावर जाऊ देऊ नकोस. त्या पुलावर मलकापूरचा एक सरकीचा व्यापारी माझ्या मागोमाग आला. ‘काका, काय घुमवता हो गाडी! चारी फेऱ्या पाह्यल्या म्या.’ (त्या भल्या माणसाला वाटले, मी हौसेने फिरत होतो.) उंचीला माझ्याएवढाच. गाडी मागू लागला. अट एकच, सीट चार इंच खाली करून द्या. मी नाही म्हणालो. एक लाख दहा हजार देत होता, रोख.