मळताना म्हणायची प्रार्थना

१२ मार्च
प्रिय ताईस,
प्रभूच्या नावाने सप्रेम सलाम. वि. वि.

ही गेली त्याला महिना होईल. बेकरी उघडली आहे, पण पाव बिघडतो. समोरचा शिंपी म्हणतो, याची बटणं करून देऊ का?

बाबांनी आपल्याला मळायला कसं शिकवलं ते तुला ठाऊकच आहे. प्रभूची प्रार्थना म्हणत मळायचं. शब्द आणि हात एका लयीत आले की पीठ झालं. घड्याळ बघणाऱ्यांना ते हसायचे. आता देवाला ‘तुझी इच्छा पुरी होवो’ म्हणायची ओळ आली की मळणं तिथेच अडतं. हिची शेवटची धाप मी ऐकली आहे. ती जर त्याची इच्छा असेल, तर ती पुरी होवो असं मी म्हणणार नाही.

चर्चमधल्या रविवारच्या प्रभुभोजनाची भाकर तेवढी भाजून देतो. मग पाळकसाहेबांना सांगणार, यापुढे दुसरा माणूस बघा आणि माझं नाव मंडळीतून काढा. रागावू नकोस.
तुझा,
धाकटा

१६ मार्च
प्रिय धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना दूध उतू गेलं, म्हणून आधी रागावलेच. तुझं दुःख कळतं असं म्हणणार नाही. माझा माणूस पलीकडे घोरतोय.

आई गेली तेव्हा तू रांगत होतास. बाबा मळताना त्याच ओळीला हात उचलून गप्प व्हायचे. मी बाजूला बसून ती म्हणायची. कुणी सांगितलं नव्हतं. मग ते पुढची घ्यायचे. वर्षभर असंच चाललं.

तू ती ओळ सोड. तेवढी मी इथे म्हणेन. बाकीची निदान पिठासाठी म्हण. नाव काढायची कसली घाई? ते कुठे पळून जातंय!
जेवत जा. माया आहेच.
तुझी ताई

२२ मार्च
प्रिय ताईस,
सप्रेम सलाम.

शनिवारी मळलं. त्या ओळीला हात उचलले. पाव चांगला आला. मन काही आलं नाही.

भाकर घेऊन चर्चमध्ये गेलो ते नावाचं सांगायचं ठरवूनच. सगळे प्रार्थना म्हणू लागले. त्या ओळीला मी तोंड मिटलं. शेजारी शिंपी होता, त्याने ती बेसूर, मोठ्याने म्हटली. मागे एक म्हातारी खोकत खोकत म्हणाली. मी गप्प होतो, पण ओळ थांबली नाही. पुढची ओळ रोजची भाकर मागायची. ती माझ्या तोंडून निघाली.

नावाचं बोलायचं राहिलं.

घरात अजून काळोखच आहे. हिच्या उशीचा अभ्रा बदलवत नाही. देव जवळ आहे असं मला वाटत नाही. खोटं कशाला लिहू? पण उद्याचं पीठ भिजवलं आहे.

लोभ कमी करू नकोस, आणि ती ओळ म्हणत राहा. मी तेवढा वेळ हात उचलून थांबतो.
तुझा,
धाकटा