तीन बोटं पुढे धरलेली पट्टी

आप्पा, आज कपाट आवरताना तुमच्या गळ्याच्या फोटोंचं पाकीट सापडलं. सात फोटो, आणि प्रत्येकात गाठीशेजारी तीच लाकडी फूटपट्टी. सातवा हातात घेतला आणि लगेच परत ठेवला.

कडेगावच्या आपल्या स्टुडिओत घर लग्नाच्या फोटोंवर चालायचं, पण तुमचा जीव भेगांत. किल्लारीला भूकंप झाला त्या वर्षी शाळेची भिंत तडकलेली दिसली, आणि दर महिन्याला त्याच जागी स्टँड लावून तुम्ही त्या भेगेचा फोटो घेऊ लागलात. पट्टी धरायला मी. कॉलेजात विज्ञान मी शिकत होते, पण पूर्वी ताऱ्यांचे फोटो काचेवर घेऊन, तारा किती सरकला ते त्या काचेवरच मोजत, हे मला तुमच्याकडून कळलं. "माणूस भ्यालं की त्याला समदं मोठं दिसतं. पट्टी काय म्हणती ते बघायचं," म्हणायचात. एकदा माझा हात भिंतीपासून सुटला तर केवढे चिडलात. "भेगंला चिकटून धर. पट्टी पुढं आली की ती मोठी दिसती अन् भेग बारीक, आकडंबी पुसट येत्यात. माप खोटं पडतं, पोरी."

मग ही गाठ आली. वाढली तर लगेच कापायची, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ऑपरेशनला तुम्ही घाबरत होता, आई त्याहून जास्त. "वाढती का बघू की," म्हणत तुम्ही कॅमेरा स्वतःवरच लावलात. सहा महिने गाठ होती तेवढीच राहिली. सातव्या महिन्यात तुम्ही स्टुलावर बसलाय, हनुवटी वर, कॅमेऱ्याचं बटण लांबून दाबायची केबल मुठीत, आणि मला नुसत्या डोळ्यांनी दिसतंय की ती वाढलीय. आई दारात उभी आहे. मला काहीच करता येत नाही, हातात फक्त पट्टी आहे. मी ती गळ्यापासून तीन बोटं पुढे धरली.

फोटो धुऊन वाळल्यावर तुम्ही बराच वेळ त्यावर भिंग धरून बसलात. पट्टीवरचे आकडे पुसट आले होते. "हाय तेवढीच हाय," म्हणालात आणि आईला चहा टाकायला सांगितलंत. त्यानंतर फोटो काढलाच नाही. पुन्हा मिरजेला गेलो तोवर डॉक्टरांच्याही हातात काही उरलं नव्हतं.

आकडे पुसट का आले, हे तुम्हाला कळलं नसेल असं मला पटत नाही. त्या भिंतीपाशी चिडलात तसं चिडायचं होतंत, आप्पा. निदान एकदा माझ्याकडे बघायचं होतंत.

हे पत्र आता त्याच पाकिटात ठेवते. आई अजून मधेच विचारते, "फोटूत कसं गं दिसलं न्हाई तवा?" मी सांगते, काय माहीत, पट्टी तर नेहमीसारखीच धरली होती.