चोआ चू कांगमधली तीन मंद इंजिनं

४ ऑगस्ट, ०७३०
सहा महिन्यांनी जहाजावरून चोआ चू कांगच्या घरी. बॅग खाली ठेवायच्या आत फॉल्ट सापडला: घरात कोणी धड जेवत नाही. माझे वडील अप्पा, वय ७९, चार घास भात. मुलगी ऋचा, वय १४, ताटातलं नुसतं इकडून तिकडे सरकवते. नील, वय ४, तोंडच उघडत नाही. बायको सुचित्रा म्हणाली, तिघांची कारणं वेगळी असतील, डॉक्टरला दाखवू. हसलो. बावीस वर्षं मरीन इंजिनं सांभाळलीत, आता चीफ इंजिनीअर. इंजिन लहान असो की म्हातारं, तेल घेत नाही म्हणजे लाइन तुंबलेली. पंचवीसला परत जहाजावर. त्याआधी तिघं पोटभर जेवतील. शब्द माझा.

५ ऑगस्ट
लॉगबुक सुरू. घासागणिक नोंद. तिघांना उपचार एकच: आल्याचं पाचक, इमारतीखाली दहा फेऱ्या, शिट्टी, जेवण. अप्पांनी विचारलं, कवायत संपल्यावर पेन्शन मिळणार का? विनोदबुद्धी शाबूत. चांगलं लक्षण.

७ ऑगस्ट
पाचकाने नीलला उलटी. लाइन साफ होतेय.

९ ऑगस्ट, १८४५
इथल्या नॅशनल डेची विमानं बघायला सगळे खिडकीत. शिट्टी वाजवली. कोणी वळलं नाही. विमानांचा आवाज फार.

११ ऑगस्ट, १९४०
ऋचाचं ताट टॉर्च लावून तपासलं. इथल्या पोरांसारखा ‘लाह’ लावून म्हणाली, हे शिप नाही लाह, बाबा. उठून खोलीत गेली. दार असं आपटलं की भिंतीवरचा फोटो हलला. एवढं दार आपटायला ताकद लागते. म्हणजे सुधारणा आहे.

१२ ऑगस्ट
तिघांचेही आकडे घसरलेत. उपचार बरोबर आहेत. पेशंट सहकार्य करत नाहीत.

१४ ऑगस्ट
शाळेतून फोन. ऋचा असेंब्लीत चक्कर येऊन पडली. ऊन असणार. सुचित्राने मला न विचारता तिघांची अपॉइंटमेंट घेतली. हरकत घेतली नाही. आज घासांची नोंद राहिली. पेन सापडलं नाही.

१६ ऑगस्ट
डॉक्टर लिम, वयाने माझ्या थर्ड इंजिनीअरएवढ्या. लॉगबुक पुढे केलं. त्यांनी मिटून बाजूला ठेवलं. अप्पांना तोंड उघडायला सांगितलं. कवळी सैल, हिरडीला जखम. दोन महिने दुखतंय, पण कुणी विचारलंच नाही, असं अप्पा म्हणाले. नील दिवसाला पाच बाटल्या दूध पितो, त्याला भूक लागणार कधी, असं डॉक्टर लिम. दहा मिनिटांत दोन इंजिनांचा फॉल्ट सापडला. नशीब असतं एकेकाचं.

मग ऋचा. मला बाहेर बसायला सांगितलं. पन्नास मिनिटं बसलो. माझ्याशी ती पन्नास मिनिटं कधी बोललीय, आठवून पाहिलं. आठवलं नाही.

नंतर डॉक्टर म्हणाल्या, हा हट्ट नाही, आजार आहे. ॲनोरेक्सिया. वजन वाढायची भीती मनात बसलीय. वेळ लागेल, दर आठवड्याला यायचं. जेवताना घरच्या कुणीतरी शेजारी बसायचं, हिशेब न करता. मी लगेच तयार झालो. त्यांनी ऋचाला विचारलं, कोण हवं?

म्हणाली, आजोबा.

२० ऑगस्ट
अप्पा आणि ऋचा जेवायच्या टेबलाशी. दोघांचं हळू चाललं होतं. ती मध्येच रडली, अप्पा थांबले, पुन्हा दोघांनी सुरू केलं. हे सगळं सुचित्राने सांगितलं. मी बेडरूममध्ये होतो. जाम भीती वाटली.

जहाज कंपनीच्या एजंटला फोन केला. पंचवीसला येत नाही, मुलगी आजारी आहे. त्याने विचारलं, पण घरी राहून तुम्ही नक्की काय करणार, चीफसाब?

म्हणालो, बाहेर बसणार.