वर जाणारे, खाली येणारे

गुरुजी,

आमच्या सोसायटीत एक अनाचार माजला आहे आणि त्याची तक्रार गांभीर्याने ऐकून घेईल असं आता या शहरात कोणी उरलेलं नाही, म्हणून तुम्हाला लिहितो. माणसाला चौथ्या मजल्यावरून खाली जायचं असतं. लिफ्ट तळमजल्यावर असते. तो वर जाण्याचा बाण दाबतो. का? तर लिफ्ट खाली आहे, तिला आधी वर बोलवायला नको का! लिफ्ट बिचारी आज्ञाधारक. याला वर जायचंय असं समजून येते, आणि वरून आणखी कोणी बोलावलेलं असलं की हा गृहस्थ आधी गच्चीचं दर्शन घेतो आणि मग लिफ्टला नावं ठेवत खाली उतरतो. सोसायटीचे चिटणीस बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि हे कोणाला विसरू देत नाहीत. त्यांना मी एकदा म्हटलं, "अहो, आपल्याला कुठे जायचंय ते सांगायचं. लिफ्टने काय करायचं ते तिचं तिला कळतं." ते म्हणाले, "आपण लिफ्टमधले तज्ज्ञ. आम्ही फक्त तिचा मेंटेनन्स भरतो." तुम्ही असतात तर या उत्तराला पैकीच्या पैकी गुण दिले असतेत.

पण लिहायचं आहे ते माझ्या मुलीबद्दल. ती कशी झाली आहे, आणि ते चांगलं की वाईट, हे मला ठरवता येत नाही. तुम्ही तिला पाहिलंत तेव्हा ती जेमतेम चालत होती आणि तुमचा अडकित्ता पळवून तख्तपोसाखाली बसली होती. ती आता एका मोठ्या कंपनीत माणसं ठेवण्याच्या आणि काढण्याच्या खात्यात आहे. हुशार आहे. तुम्हाला आवडली असती, हीच तर अडचण आहे.

मी काय करतो हे तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. पाठशाळा सोडून कॉम्प्युटर शिकायला जातो असं सांगायला आलो, तो दिवस मला अजून दिसतो. शनिवार पेठेतल्या त्या खिडकीत तुम्ही सुपारी कातरत बसला आहात. हात थांबत नाहीत, मान वर होत नाही. "जा," तुम्ही म्हणता. "यजमान बदलला, एवढंच. नवा यजमान दक्षिणा जास्त देईल आणि मंत्र कमी मागेल." त्या वर्षांत शहराच्या कडेला शेतांतून काचेच्या इमारती उगवायला लागल्या होत्या आणि पाठशाळेतली आम्ही निम्मी मुलं सूत्रं सोडून प्रोग्रॅमिंगकडे पळालो. पाठांतराची सवय होती, न कळलेलं बिनचूक म्हणून दाखवायचीही सवय होती. आम्हाला नोकऱ्या पटापट लागल्या. पुढे एकदा तुम्हाला माझं ऑफिस दाखवायला नेलं. आयुष्यातली तुमची पहिली लिफ्ट. दार मिटलं, दार उघडलं, समोर वेगळंच जग. तुम्ही उपरणं सावरत बाहेर आलात आणि म्हणालात, "जागचं हललो नाही आणि पोचलो. वेदान्त्यांना हे फार आवडेल. मला जिने बरे." आणि खाली जिन्यानेच उतरलात. मी मागून, लाजत.

तर मी त्या लिफ्टांना अक्कल पुरवतो. उंच इमारतीत हल्ली बाण नसतात. बाहेरच्या पाटीवर आपला मजला दाबायचा, पाटी सांगते, 'क' लिफ्टने जा. आत एकही बटण नाही. एकाच बाजूला जाणाऱ्यांना एका लिफ्टमध्ये घातलं की थांबे कमी होतात आणि सगळ्यांचा वेळ वाचतो. म्हणजे सगळ्यांचा मिळून. इथेच गोम आहे. यजमान विचारतो सरासरी. आणि सरासरी खाली आणायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे आडवळणाच्या मजल्यावरच्या एका माणसाला उभं करून ठेवायचं आणि बाकीच्या चाळिसांना झपाझप पोचवायचं. आकडे सुंदर दिसतात. तो एक माणूस आकड्यात दिसत नाही.

हे माझ्या लक्षात आलं ते तुमच्यामुळे. प्राजापत्य पशूंचा तो पाठ आठवतो? एका यागात सतरा पशू. प्रत्येकावर तेच संस्कार करायचे: दर्भाने स्पर्श, मग यज्ञाच्या खांबाला, यूपाला, बांधणं, मग पुढचं. आता एकाचं सगळं उरकून मग दुसऱ्याला हात घातला, तर शेवटचा पशू नुसता उभा. म्हणून शास्त्र सांगतं, पहिला संस्कार सगळ्यांवर करून घ्या. त्यात कोणालाही आधी घ्या, चालेल. पण दुसरा संस्कार त्याच क्रमाने, तिसराही त्याच क्रमाने. म्हणजे दोन संस्कारांमधलं अंतर प्रत्येकाला सारखं. मी हात वर करून विचारलं होतं, "गुरुजी, पशूंना त्याचं काय?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत, जसं उकडलेल्या बटाट्याकडे बघावं. "पशूंचा विचार इथे कोण करतंय? यज्ञात वैगुण्य राहू नये, म्हणून." आणि मग हे नुसतं ऐकून डोक्यात राहायचं नाही म्हणून ते आमच्या हातांवर उतरवलंत. पाठ न केलेले सगळे ओळीने उभे. पहिली छडी सगळ्यांना, मग त्याच क्रमाने दुसरी. प्रत्येकाच्या तळहाताला निवायला सारखा वेळ. आमच्यापैकी कोणीही कधी म्हणू शकला नाही की गुरुजींनी अन्याय केला. फार दुखायचं, गुरुजी. पण तक्रारीला जागा नसायची.

हीच गोष्ट मी लिफ्टांच्या प्रोग्रॅममध्ये घातली: सरासरी काय व्हायची ती होऊ दे, कोणाचाही खोळंबा इतरांहून फार जास्त होता कामा नये. आमच्याकडची पोरं त्या नियमाला 'गुरुजी'च म्हणतात. "सर, गुरुजी ऑन ठेवू की ऑफ?" आणि हीच गोष्ट मी जेवताना मुलीला सांगत आलो, ती लहान असल्यापासून. दुसऱ्या बापांकडे ससा आणि कासव असतात. माझ्याकडे बोकड होते.

तिची कंपनी येरवड्याच्या पुढे एका टॉवरमध्ये आहे. वरच्या मजल्यांवरून कारागृहाची भिंत दिसते, म्हणून त्या बाजूला पडदे ओढलेले असतात. तिथल्या लिफ्टा माझ्या आहेत. एक दिवस पोळीचा तुकडा मोडता मोडता ती म्हणाली, "बाबा, तुमच्या लिफ्टांना एक जमेल का? वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांना भेटायला नकोत."

"कोण जाणारे?"

"ज्यांना जायला सांगायचंय ते. बरेच आहेत. वरच्या मजल्यावर बोलावणार, कागद देणार, दुसऱ्या लिफ्टने थेट खाली. आणि लॉबीत कोणाला थांबायला लागता कामा नये. थांबली की माणसं एकमेकांशी बोलतात."

"आणि सगळ्यांना सारखं?"

"ऑफ कोर्स. फेअर वाटायला हवं."

"वाटायला?"

"असायला पण, बाबा. पण आधी वाटायला." मग ती हसली. "तुमचीच बोकडांची मेथड वापरतेय. आधी सगळ्यांचं कार्ड बंद. मग त्याच ऑर्डरमध्ये सगळे वर. मग त्याच ऑर्डरमध्ये लॅपटॉप जमा. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही."

टॉवरवाल्यांची रीतसर विनंती आली आणि मी ती व्यवस्था करून दिली. त्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन तळमजल्यावर उभा राहिलो, आपलं काम चालताना पाहायला. उत्तम चाललं. एका बाजूने माणसं वर जात होती, दुसऱ्या बाजूने लिफाफे छातीशी धरून उतरत होती, आणि मधल्या भिंतीमुळे दोन्ही बाजू एकमेकींना दिसत नव्हत्या. इतकी स्वच्छ मांडणी मी फार कमी वेळा पाहिली आहे. मग एक पन्नाशीचे गृहस्थ डबा हातात घेऊन पाटीपाशी आले. रोजचे, मला ओळखायचे. त्यांनी कार्ड टेकवून आपला मजला दाबला. पाटी गप्प. त्यांनी बोट शर्टला पुसून पुन्हा दाबला.

"सर," ते मला म्हणाले, "तुमचं मशीन माझा मजला विसरलं बघा. वीस वर्षांची ओळख नाही राहिली." आणि हसले.

मी म्हटलं, "आपण 'ड'ने जा."

"'ड' एकदम वर जाते ना? माझी बॅग आठव्यावर आहे. कालपासून तिथेच आहे, चष्मा त्यात आहे. तो नसला तर मला काही वाचता येत नाही हो."

"आधी वर जाऊन या," मी म्हणालो. "मग बघू."

त्यांनी माझे आभार मानले, गुरुजी. 'ड'चं दार उघडलं, ते आत गेले आणि सवयीने बटणं शोधत आतल्या भिंतीवर हात फिरवत राहिले. दार मिटलं.

त्या संध्याकाळी मुलीने आमटीला फोडणी दिली. मी विचारलं, कसं झालं? "स्मूथ," ती म्हणाली. कोणी रडलं? "लिफ्टमध्ये रडले असतील. तिथे कॅमेऱ्यात आवाज येत नाही." मग मला तूप वाढलं, भातावर मधोमध खळगा करून, माझ्या आवडीचं. ती माझ्याशी कधी वाईट वागलेली नाही. माझ्या गुडघ्यांसाठी तिने स्वतः चार डॉक्टर पालथे घातले. ती निर्दय आहे असं कोणी म्हटलं तर मी त्याच्याशी भांडेन.

रविवारी मटार सोलत बसलो होतो तेव्हा तिने आपणहून विचारलं, "बाबा, खरं सांगा. काही चुकलं का माझं?" मान खाली होती, सोलायचे हात थांबले होते. मला आता वाटतं, ती तेव्हा दुसरंच काहीतरी विचारत होती. तिची आई असती तर तिला ते कळलं असतं आणि तिने मटार बाजूला ठेवले असते. मी तुमचा विद्यार्थी. मी वैगुण्य शोधलं. म्हटलं, "एक चुकलं. कार्ड बंद केलंत तेव्हा माणसांच्या वस्तू त्यांच्या मजल्यावरच राहिल्या. एकांचा चष्मा राहिला, त्यांना तो कागद वाचताही आला नसेल. आधी वस्तू, मग कार्ड."

तिने मान वर केली. मग तिचा चेहरा मोकळा झाला. "हो की," ती म्हणाली. "नेक्स्ट टाइम तसं करू." आणि हात पुन्हा चालू झाले, भराभर.

तुम्हाला विचारायचं होतं की हे असं नुसतं वैगुण्यच दिसणं किती दिवस राहतं. तुमच्या बाबतीत शेवटपर्यंत राहिलं, की आम्ही गेल्यावर, छडी कोपऱ्यात ठेवल्यावर, कधीतरी पशूंचा विचार यायचा? आम्हाला तुम्ही ते दाखवलं नाहीत, आणि विचारायला आता पत्ता नाही. पाठशाळेच्या जागी दुचाक्या लावतात.

हे पत्र मुलीला वाचायला द्यावं असं दोनदा मनात आलं. देणार नाही. ती ते शेवटपर्यंत मन लावून वाचेल आणि म्हणेल, "बाबा, छान लिहिलंय, पण यात वाईट वाटण्यासारखं काय आहे?" आणि ती मला चिडवत नसेल. मला त्याची भीती वाटते.