धाकट्या धारेवरची पाहुणी

आरमोरीजवळ, नदीकाठ
दि. ११ फेब्रुवारी २०२४

ती. हर्षाताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि. मी खुशाल आहो, फोन मात्र वैनगंगेत गेला. डोंग्यातून वाकून मासोळी पाहून राह्यलो होतो. मासोळी गेली अन् खिशातला फोन बी गेला. म्हणून हे पत्र. शुद्धलेखन पाहू नको.

निघालो होतो सिरोंच्याहून वरोऱ्याले. मधात वाट वाकडी करून अंजनाआत्याकडे दोन दिवस उतरलो, तं महिना झाला. ज्या ट्रकात आलो, त्यात एक पोपट होता, तेलुगूत शिव्या देणारा. ड्रायव्हर म्हणे, हा फक्त पोलिसांसमोर चूप राह्यते. जाऊ दे, मुद्दा आत्याचा आहे.

गाव अन् बेट यांच्या मधातली नदीची धाकटी धार दोन वर्षांपासून गाळानं बुजली. वरून जलपर्णी. डोंगा जात नाई, पायी गेलं तं माणूस मांडीपर्यंत फसते. आत्याची खरबुजाची डांगरवाडी बेटावर. डांगरं पिकतात अन् निम्मी तिथीच सडतात. ती म्हणते, धार मोकळी होणार नसंल तं वाडी सोडून हर्षाकडे माजरीले जाईन. हे बोलताना ती माझ्याकडे पाहत नाई.

पण गाव चूप नाई. सरपंच गिरजाबाईनं सभा घेतली, पलीकडून ब्रह्मपुरीच्या बाजूचेही लोक आले. केंद्र सरकारकडे अर्ज गेला. आता दिल्लीहून एक मॅडम धार पाहाले येऊन राह्यल्या. त्यांनी हो म्हटलं तं गाळ काढाची मशीन येईन, नाई म्हटलं तं आत्या तुझ्याकडे.

भाऊजींना जय भीम. राग आला तरी लोभ आटू देऊ नको.
तुझा भटका,
धम्मदीप

माजरी
दि. २० फेब्रुवारी २०२४

चि. धम्मदीप यास,
अनेक आशीर्वाद व जय भीम. पत्र पोचलं. तुझ्या अक्षरापेक्षा त्या पोपटाचं तेलुगू सोपं असंल. फोन बुडाला ते बरं झालं. फोनवर तू नुसता हो-हो करतोस, कागदावर निदान चार गोष्टी सांगतोस.

आई गेल्यावर आत्यानंच आपल्याले वाढवलं. ती आली तं माझं घर भरून जाईन. पण इथी दुपारी खाणीत सुरुंग उडाला की भांडी वाजतात, अन् वाळत घातलेल्या लुगड्यावर काळी भुकटी बसते. तिले इथी करमंल का रे? ती यावी असं लई वाटते, पण हरून यावी असं नाई वाटत.

एक सांगतो, मॅडम येतील तेव्हा गाव नीटनेटकं ठेवा. पाहुण्यांसमोर शोभा नको. आणि तू दाढी कर.

आहे तशीच माया राहू दे.
तुझी ताई,
हर्षा

आरमोरीजवळ
दि. १७ मार्च २०२४

ती. हर्षाताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि. तुझा सल्ला गावाले वाचून दाखवला, अन् तिथीच घोटाळा झाला.

पाहुणी येणार म्हणून सारा गाव श्रमदानाले उतरला. घाटासमोरची जलपर्णी उपसली, गाळ ओढला, सडा-रांगोळी, आंब्याचं तोरण. मी दाढी बी केली. मॅडम आल्या, घाटावर उभ्या राह्यल्या अन् म्हणाल्या की पाणी तर किती छान आहे, मग अडलं कुठी? गिरजाबाईचं तोंड उतरलं. डोंगेवाला पत्रूभाऊ माझ्या कानात म्हणाला, पेशंटले आंघोळ घालून, पावडर लावून डॉक्टरकडे नेलं आपण.

मॅडम गाडीकडे निघाल्या. तेव्हा आत्या आडवी आली. म्हणाली, पाहुणी माझ्या वाडीचं डांगर न खाता जात नसते. मॅडमले काही बोलूच दिलं नाई, डोंग्यात बसवलं; आम्ही अन् त्यांच्या सोबतचे लोक मागच्या डोंग्यात. वळणापलीकडे आम्ही साफ केलंच नव्हतं; तिथी डोंगा फसला. मॅडम उतरल्या अन् गुडघ्यापर्यंत रुतल्या, एक बूट गाळातच राह्यला. आम्हाले वाटलं, गेलं आता सारं. मॅडम आधी हसल्या, मग आत्याले विचारलं, तुम्ही रोज कशा येता? आत्या म्हणाली, अशीच.

मॅडमनं दुसरा बूट बी काढला. मग सोबतच्या लोकांना सांगितलं, मोजमाप इथून सुरू करा. गाळ तुडवत बेट गाठलं, रेतीत बसून डांगर खाल्लं, बिया आत्याच्या पदरात टाकल्या. त्या बाईचे उपकार कसे फेडावे, समजून नाई राह्यलं.

वरोरा राह्यला तो राह्यलाच. भाचीले पापा. ओढ लावून ठेव.
तुझा,
धम्मदीप

माजरी
दि. १५ डिसेंबर २०२४

चि. धम्मदीप यास,
अनेक आशीर्वाद व जय भीम. कार्ड मिळालं. पावसाळा सरताच मशीन आली, धार मोकळी झाली, अन् पहिल्या दिवशी पत्रूभाऊनं वल्हं आत्याच्या हाती दिलं, हे शेजारपाजारी सगळ्यांना वाचून दाखवलं. गिरजाबाईले माझा जय भीम. मॅडमना दोन्ही काठांच्या सह्यांचं आभाराचं पत्र गेलं, ते फार चांगलं केलं.

आत्याचा निरोपही पोचला. ती येत नाई. मी रडली. तुझे भाऊजी विचारू लागले काऊन रडतेस, तं कार्डच त्यांच्या हाती दिलं. एवढी आनंदाची बातमी अन् मी रडून राह्यली.

आता आम्हीच येतो, एप्रिलात, रजा टाकून. तोपर्यंत तू तिथी थांब, असं हुकुमानं सांगत नाई, विनवून सांगतो. आत्याले म्हण, घ्यायले डोंगा घेऊन तूच ये. लहानपणी तिच्या डोंग्यात बसली की मले दरवेळी झोप लागत होती. या खेपेला जागी राहून पूर्ण धार पाहणार आहो.

तुम्हा दोघांच्या मायेतली,
हर्षा